मोठ्या बाईंचा खोकला

अजूनही कुठं लहान मूल खोकललं की मी बोलता बोलता थांबते. भाजी निवडत असले तर हात थांबतो, फोनवर असले तर पलीकडचा माणूस हॅलो हॅलो करत बसतो. खोकला संपून मुलानं सरळ श्वास घेतला की माझं पुढचं वाक्य सुरू. घरचे हसतात. ही खोड मुळात माझी नाही, निंभोरकर बाईंची. बाई गेल्या आणि ती माझ्याकडे राहिली.

लीला निंभोरकर हे नाव फक्त पगारपत्रकावर होतं. एरवी कारंज्यात त्यांना सगळे मोठ्या बाईच म्हणत. आमची शाळा हमरस्त्यापासून थोडी आत, संत्र्यांच्या गोदामामागे. बालवाडी ते चौथी. गावातल्या दुकानदारांनी संस्था काढून ती चालवली होती. नव्वदीच्या सुरुवातीला मी बालवाडीवर लागले तेव्हा बाई मुख्याध्यापिका होऊन बरीच वर्षं झाली होती. अंगानं काडी, आवाज मात्र असा की मधल्या सुट्टीत त्यांनी नुसतं एखाद्याचं नाव घेतलं तरी गोदामातले हमालसुद्धा थांबून बघत. खळ केलेली सुती साडी, अंबाडा घट्ट, आणि पायात पुरुषी चपला. बायकांच्या चपला दिवाळीपर्यंत टिकत नाहीत, असं त्यांचं म्हणणं होतं. प्रार्थना त्या रोज स्वतः सांगत आणि रोज बेसूर सांगत. आख्खी शाळा त्यांच्या मागून तशीच बेसूर म्हणायची. आमच्या शाळेतून पाचवीला गेलेलं मूल नव्या शाळेतल्या प्रार्थनेत लगेच ओळखू येतं, असं लोक म्हणत.

बाईंकडे दोन भाषा होत्या. साहेब तपासणीला आले की पुस्तकी, एकेक शब्द धुऊन वाळत घातल्यासारखी. पोरांच्या आया आल्या की वऱ्हाडी. शाळा सुटल्यावर कधीकधी त्या मला घेऊन हायवेवरच्या धाब्यावर चहाला जायच्या. मुख्याध्यापिकेनं ट्रकवाल्यांच्या शेजारी खाटेवर बसून बशीत चहा ओतून प्यावा, हे तेव्हा गावाला फारसं रुचत नव्हतं. मी एकदा तसं सुचवलं. त्या म्हणाल्या, "शाळेतला चहा पेऊन पाह्यला न तू? मंग."

पहिलं वर्षभर त्या मला 'तुम्ही' म्हणत होत्या. कधी 'तू' झालं ते आठवत नाही, पण ज्या दिवशी झालं त्या दिवशी मी घरी जाऊन सांगितलं होतं, एवढं आठवतं.

त्या खोकला ऐकत, म्हणजे कसा, ते सांगायला हवं. वर्ग चालू असायचा, बाई माझ्याशी काही बोलत असायच्या, मध्येच कुठल्यातरी वर्गातून खोकल्याचा आवाज यायचा. बाई गप्प. मान जराशी तिरकी. मग म्हणायच्या, "तिसरीतला हाये. साधा हाये." आणि तुटलेलं वाक्य जिथं तुटलं होतं तिथून उचलायच्या. त्यांचे कान डांग्या खोकल्यासाठी होते. त्या खोकल्यात मूल दम लागेपर्यंत खोकत राहतं, चेहरा काळानिळा होतो, आणि शेवटी श्वास आत ओढताना घशातून एक लांब आवाज निघतो. एकदा ऐकला की माणूस विसरत नाही.

शाळेत एक नियम होता आणि तो बाईंनीच केलेला होता. सरकारचं तसं काही बंधन नव्हतं. दाखल्यासाठी जन्माचा पुरावा आणला की काम व्हायचं. पण आमच्या बालवाडीत बसायचं तर डांग्या खोकल्यावरची त्रिगुणी लस पूर्ण झालेली हवी. गावात तिला ट्रिपलची सुई म्हणत. बाई कोणाचं नाव लिहून घ्यायला नकार देत नसत. नाव लिहीत, पाटी देत, मुलाच्या गालाला हात लावत आणि आईला म्हणत, "बुधवारी सरकारी दवाखान्यात नर्सबाई बसते. तिच्याकडून येजो, मंग लेकरू वर्गात बसन."

ह्याचं कारण त्यांनी मला एकदाच सांगितलं, धाब्यावर, बशी खाली ठेवून. मी येण्याआधी पहिलीतला एक मुलगा शाळेतून हा खोकला घेऊन घरी गेला. तो बरा झाला. घरी झोळीत त्याची बहीण होती, नाव ठेवायचं होतं अजून. ती गेली. "तो पोरगा मंग हासतानाही तोंडावर हात धरे," बाई म्हणाल्या. "चौथी पास होऊन गेला तरी धरे. त्याले कोणी काही बोललं नोतं. त्याचं त्यालेच समजलं." थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, "शाळेत येणाऱ्या पोट्ट्याले हा खोकला मारत नाई गं सहसा. घरी झोळीत जो असते त्याले मारते. सुई त्याच्यासाठी हाये."

लसीची कार्डं कोणाकडे धड नसायची. कोणाचं भिजलेलं, कोणाचं माहेरी राहिलेलं. म्हणून बाईंची आपली एक तपासणी होती. त्या आईला समोर बसवून सहज विचारत, "सुई देल्यावर रात्री कसं होतं लेकरू?" तेव्हाच्या त्या सुईनं बहुतेक मुलं तापायचीच. मांडी दगडासारखी व्हायची, रात्रभर रडारड. जिनं खरंच सुई दिलेली असायची तिचा बांध फुटायचा. सासू काय काय बोलली, नवरा कसा बाहेर ओट्यावर जाऊन झोपला, कपाळावर ओली पट्टी ठेवून आपण कसं बसलो, सगळं निघायचं. बाई मान हलवत ऐकून घ्यायच्या आणि घंटा वाजली तरी उठायच्या नाहीत. जी पटकन म्हणायची "काहीच नाई झालं बाई, मस्त झोपलं," तिला बुधवार.

ही तपासणी काही अचूक नव्हती. एका शेतकऱ्याच्या सुनेला बाईंनी असंच परत पाठवलं आणि ती दुसऱ्या दिवशी माहेराहून कार्ड मागवून हजर. सगळ्या सुया झालेल्या. तिचं लेकरू खरंच मस्त झोपलं होतं. बाई त्या संध्याकाळी तिच्या घरी गेल्या, सासूच्या देखत तिला म्हणाल्या, "माह्यंच चुकलं." सासूच ओशाळली बिचारी.

पुढं पोलिओचे रविवार सुरू झाले. गावोगाव बूथ, रिक्षातून भोंगा, डोस पाजला की मुलाच्या डाव्या करंगळीवर शाई. त्यातून आमच्याकडे एक नवीनच घोटाळा झाला. लोकांना वाटलं, आता हे थेंब आले म्हणजे सुयांचं काम संपलं. जूनमध्ये आया मुलांची करंगळी पुढं करू लागल्या. शाई कधीच उडालेली असायची, पण बोट मात्र ताठ. एका बापानं तर बॉलपेननं करंगळी रंगवून आणली. तीही चुकून उजव्या हाताची. बाईंनी ते बोट हातात धरून बराच वेळ पाहिलं. मग आपल्या बोटाला थुंकी लावून पुसलं. बाप खाली बघत होता.

"हे कोनं काढलं?"

"पोट्ट्याच्या आत्यानं," तो म्हणाला. "तिचं अक्षर चांगलं हाये न."

बाई इतक्या हसल्या की त्यांना पदर डोळ्यांना लावावा लागला. त्यांनी शिपायाला दोन चहा सांगितले, त्याला समोर बसवलं, आणि पोलिओ वेगळा, खोकला वेगळा, हे एखाद्या पाहुण्याला नातं समजावून सांगावं तसं समजावलं. पुढल्या बुधवारी दवाखान्याच्या रांगेत तो पहिला होता. आत्यालाही सोबत घेऊन आला होता.

पण बाईंच्या नियमाची खरी परीक्षा संस्थेचे अध्यक्ष कापडवाले शेठजी ह्यांच्या नातवानं घेतली. नातवाला एकच सुई झाली होती. ती दिल्यावर तो फणफणला म्हणून आजीनं पुढच्या दोन होऊ दिल्या नाहीत. नव्या दप्तरासकट, कपाळाला गंध लावून, शेठजी स्वतः त्याला घेऊन आले. बाईंनी नाव लिहिलं, गालाला हात लावला आणि बुधवार सांगितला.

"बाई, हे शाळा माही हाये," शेठजी शांतपणे म्हणाले.

"शाळा तुमचीच हाये शेठजी. खोकला कोणाच्याच बापाचा नाई."

मी माझ्या वर्गाच्या दारात उभी होते. मला वाटलं, उद्या आम्ही दोघी घरी. नातू दप्तर मांडीवर घेऊन व्हरांड्याच्या पायरीवर बसला होता आणि शेठजी त्याच्याकडे बघत होते. शेवटी त्यांनी त्याचं बोट धरलं नि निघून गेले. बरेच दिवस बाईंशी बोलले नाहीत. मुलाच्या सुया झाल्यावर मात्र स्वतः आणून सोडून गेले. त्या वर्षी शाळेच्या गणवेशाचं कापड त्यांनी नेहमीपेक्षा चांगलं दिलं, हेही खरं.

बाईंचे यजमान लवकर वारलेले. एकच मुलगी, वंदना, वरुडला दिली होती. लग्नाला किती वर्षं झाली तरी मूल नव्हतं. बाई तो विषय काढत नसत, आम्हीही काढत नसू. फक्त बालवाडीत एखादं मूल रडून रडून झोपलं की बाई त्याला मांडीवर घेऊन माझ्या वर्गातच फाईली बघत बसायच्या. पाय बधिर झाला तरी हलायच्या नाहीत. मग एका पावसाळ्यात बाई सकाळी सकाळी शाळेत आल्या आणि प्रार्थनेआधी माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "वंदीले दिवस गेले." त्या दिवशीची प्रार्थना रोजच्यापेक्षाही बेसूर झाली.

वंदना दिवाळीनंतर माहेरी आली. बाळंतपणासाठी अल्लीपूरहून तिची मावशी, म्हणजे बाईंची थोरली बहीण आली. डिंक आणला, खारका फोडल्या. बाई शाळेतून धावत घरी जायच्या. आणि नेमका त्याच हिवाळ्यात शाळेत खोकला आला.

आमच्या मुलांना तो फार जोराचा नव्हता. सुईचा जोर काही वर्षांनी ओसरतो, मोठ्या मुलांना आणि मोठ्या माणसांनाही मग हा खोकला होऊ शकतो, त्यांना तो साधाच वाटतो, असं दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं. बाईंनी खोकणाऱ्या मुलांना घरी बसवलं, ज्यांच्या घरी तान्हं होतं त्यांच्या घरी स्वतः जाऊन आल्या. आणि वंदनाला नववा लागला असताना एका दुपारी, माझ्यासमोर, बाईंना ढास लागली. थांबेना. थांबली तेव्हा त्या खुर्चीचा हात घट्ट धरून बसल्या होत्या. मी पाणी दिलं. त्यांनी मान तिरकी केली, तशीच, दुसऱ्या कोणाचा खोकला ऐकावा तशी. मग म्हणाल्या, "हा साधा नाई गं."

डॉक्टर म्हणाले, "असेलही, नसेलही. इथं तपासायची सोय नाही. गोळ्या घ्या, थोडे दिवस जपा." दुसऱ्या कोणाला एवढ्यावर बरं वाटलं असतं. बाई दवाखान्यातून निघाल्या त्या घरी गेल्याच नाहीत. सरळ माझ्याकडे आल्या. आमचं घर शाळेमागेच, घरात लहान कोणी नव्हतं. म्हणाल्या, "तुह्या समोरच्या खोलीत राह्यतो. मावशीकडून माह्या दोन साड्या आणून दे."

वंदनाला कळा सुरू झाल्या तेव्हा तिच्यासोबत वर्ध्याला मी आणि मावशी गेलो. डॉक्टरांच्या त्या गोळ्या बाईंनी मलाही आधीच घ्यायला लावल्या होत्या. मुलगा झाला. तो पहिल्यांदा माझ्या हातात दिला गेला. जी जागा बाईंची होती तिथं मी उभी होते आणि मला ते सहन होत नव्हतं. परत आले तर बाई माझ्या ओट्यावर. मी सांगत गेले. केस भरपूर, कान वंदनाचे, रडतो जोरात. त्या सगळं ऐकून परत म्हणाल्या, "कान कोणाचे म्हणतं?"

पुढचे दिवस कठीण होते. वंदनाला हे पटेना. मी डबा घेऊन गेले की ती भिंतीकडे तोंड करून बोलायची. "डॉक्टरच म्हणते सांगता येत नाई, मंग हे काऊन दूर राह्यली? शाळेचा कायदा घरात कायले आणते? मले आता आई नाई पायजे त कवा पायजे?" मावशी म्हणायची, "आमाले नाई का झाले खोकले? लेकरं वाढलीच न." गावात कोणी म्हणालं, मोठ्या बाईचं जावयासोबत बिनसलं. हे सगळं मी बाईंना गाळून सांगायची, पण त्यांना गाळलेलंही ऐकू यायचं.

बारशाला बायका पाळणा म्हणत होत्या तेव्हा बाई कुंपणाबाहेर, शेजाऱ्यांच्या गोठ्याजवळ पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. मुलाचं नाव मी त्यांना बाहेर जाऊन सांगितलं आणि वाटीत घुगऱ्या नेऊन दिल्या. त्यांनी एकेक हरभरा खाल्ला. त्याच संध्याकाळी शेठजी माझ्याकडे आले. मनापासून म्हणाले, "बाई, जा आता घरी. कोणी काही म्हणत नाई." बाई म्हणाल्या, "तुमच्या नातवाले मी पायरीवर बसवलं होतं शेठजी." शेठजी उठले, चपला घातल्या आणि गेले.

रोज सकाळी अंगणात मावशी बाळाला पायावर घेऊन तेल लावायची, आंघोळ घालायची आणि शेकायला उन्हात बाजेवर ठेवायची. शाळेत बाई आता मुलांपासून लांब, ऑफिसात दार लावून बसत. शाळेत जायची वाट त्या घरावरून नव्हती, तरी बाई त्या वेळेला तिथून जायच्या. रस्त्याच्या पलीकडे, विजेच्या खांबाजवळ थांबायच्या. मी सोबत असायची. आम्ही दिसलो की वंदना आत निघून जायची.

एके दिवशी वंदना स्वतः बाळ घेऊन उन्हात बसली होती. बाई खांबाजवळ आल्या आणि त्यांना ढास लागली. त्यांनी पाठ फिरवली, खांबाला हात लावून खाली बसल्या. खोकत राहिल्या, खोकत राहिल्या. चेहरा काळवंडला, डोळ्यांतून पाणी, आणि शेवटी श्वास आत ओढताना तो आवाज आला. रस्ता ओलांडून तो अंगणात गेला असणार, कारण वंदना उठून उभी राहिली. बाळाला छातीशी घट्ट धरलं. ती आत पळाली नाही. आई सावरेपर्यंत तशीच उभी राहिली. मग सावकाश आत गेली.

दुसऱ्या दिवशी अंगणातली बाज जागेवरून हलवलेली होती, कुंपणाजवळ नाही, पण रस्त्याकडे. बाळाचं तोंड आमच्या बाजूला होतं आणि टोपडं काढलेलं होतं. वंदना आमच्याकडे बघत नव्हती. ती त्याचा एकेक हात वर करून त्याला खेळवत होती. बाई शाळेला उशिरा पोचल्या, त्यांच्या नोकरीत तो प्रकार नवा होता. त्यानंतर बाळ रोज उन्हात जास्त वेळ राहू लागलं.

सव्वा महिना झाला, वरुडची माणसं जीप घेऊन आली. खोकला अजून गेलेला नव्हता. बाईंनी बाळाला मांडीवर घेतलं नाही ते नाहीच. जीप त्यांच्यासमोरून गेली तेव्हा वंदनानं काचेतून बाळ उचलून धरलं. त्या दिवशी बाई आपल्या घरी परतल्या. मला त्यांच्यासोबत जायचं होतं, त्यांनी नको म्हटलं. माझी समोरची खोली मग कितीतरी दिवस मला रिकामी वाटायची. त्यांचा खोकला ऐकायची सवय झाली होती, असं म्हणणं बरं दिसत नाही, पण झाली होती.

होळीपर्यंत खोकला संपला. आता हरकत नाही असं डॉक्टरांनी सांगितल्यावरही बाई आणखी थोड्या थांबल्या आणि मग रजा टाकून वरुडला गेल्या. तिथं काय झालं ते त्यांनी मला सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

पुढं त्या निवृत्त झाल्या आणि मुलीकडेच राहायला गेल्या. नंतर आमच्या शाळेत नवीन मुख्याध्यापक आले, चांगले गृहस्थ, प्रार्थना सुरात झाली. मला ती प्रार्थना कधीच आमची वाटली नाही. बाई गेल्याचं कळलं ते वंदनाच्या फोनवरून. ती बोलत होती आणि मी हो हो म्हणत होते. फोन ठेवल्यावर मला कोणाला तरी सांगायचं होतं, आणि असलं काही सांगावं असं कारंज्यातलं माझं माणूस त्याच होत्या.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या कारंजा सोडून निघाल्या त्या दिवशी. वंदना न्यायला आली होती, सोबत तीनेक वर्षांचा तो. बस स्टँडवर बस यायला उशीर झाला आणि तो बाईंच्या खांद्यावर झोपून गेला. चांगला अंगानं भरलेला पोरगा, पाय बाईंच्या गुडघ्यापर्यंत लोंबत होते. बाई केवढ्याशा. वंदना म्हणाली, "आई, बाकावर ठेव त्याले, हात गळून जाईन." मी म्हटलं, "द्या बाई, मी घेते थोडा वेळ." त्या म्हणाल्या, "राहू दे."

बस आली. कंडक्टर म्हणाला, "आजीबाई, लेकराले खाली घ्या, चढता नाई येनार." बाई त्याच्याकडे न बघता, त्याला तसंच घेऊन, एकेक पायरी चढल्या. सामान वंदनानं नि मी खिडकीतून आत दिलं. त्या खिडकीशी बसल्या. जागा रिकामी होती तरी त्याला शेजारी ठेवलं नाही. बस हलली, मी हात हलवला. बाईंनी हलवला नाही. त्यांचे दोन्ही हात त्याच्याभोवती होते.